चार बोटांची फट

१२ डिसेंबर २००६

मलिंडा,

'प्रिय' लिहिलं नाही म्हणून लगेच नाक मुरडू नकोस. नऊ वर्षांनी लिहितेय, हेच पुष्कळ समज. कामापुरतं लिहितेय. काम झालं की हे पत्र चुलीत घातलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

या पत्राबरोबर भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती पाईची एक प्लेट पाठवलीय. पांढरी, निळ्या काठाची. ती क्लीव्हलंडच्या ओल्हाबाईंची. निघताना त्यांनी सबंध पाई बांधून दिली, त्यामुळे प्लेट आमच्याकडे आली. त्यांचा पत्ता मी विचारला, तर त्यांनी तुझाच पत्ता चिठ्ठीवर लिहून हातात कोंबला. म्हणाल्या, "तुमच्याच वस्तीतली बाई आहे, आमच्या चर्चला येते. तिच्याकडे द्या, मला पोचेल." मी म्हटलं, असेल.

इनॉसचं तुला कळलं नसेल. नोव्हेंबरात लाकडाच्या गिरणीत ओंडका घसरला आणि त्याच्या उजव्या मांडीवर बसला. इथल्या दवाखान्याने हात टेकले, क्लीव्हलंडला न्या म्हणाले. पाय वाचला. आता कुबडीवर चालतो आणि दिवसभर बायकोला कामं सांगतो, म्हणजे बरा आहे.

सतरा दिवस मी तिथे होते. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, "राहायची सोय?" मी म्हटलं, ही खुर्ची आहे की. ती हसली. म्हणाली, "तुमचे घोडागाडीवाले, टोपीवाले लोक येतात ते समोर ओल्हाबाईंकडे राहतात. त्या चर्चवाल्यांनी एक खोली ठेवलीय पेशंटच्या माणसांसाठी." सात घरं तरी आपल्याकडची तिथे राहून आलीत म्हणे! वस्तीत एकानेही कधी तोंड उघडलं नाही. उघडतील कसे, कॅथलिक बाईचं घर. रोमच्या पोपला मानणारे, पण पूजा सगळी पूर्वेकडच्या रीतीची, भिंतीवर सोनेरी संतांच्या तसबिरी, त्यांच्यापुढे तांबडा दिवा. आपल्या पणज्यांच्या पणज्यांना मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणून याच लोकांनी पोत्यात घालून नदीत बुडवलं असं आपण उपासनेत बाकावर बसून गातो, आणि मी त्यांच्या दारात पिशवी घेऊन उभी!

दार उघडलं ते एका बुटक्या म्हातारीने. तिने पिशवी माझ्या हातून ओढूनच घेतली. "तसबिरींवर चादर टाकू का? तुम्हाला चालत नाहीत ना?" मी म्हटलं, राहू दे, त्यांचं घर आहे, पाहुणी मी आहे. तर बाई एवढी हसली की खोकला आला.

खोलीत गेले तर अंधार. बटण दाबलं, काही नाही. दोन दिवस मी अंधारात चाचपडत कपडे बदलले, एकदा स्टुलावरून पडले, गुडघा फोडून घेतला. मला वाटलं, गरीब विधवा, दिव्यांना पैसे कुठून आणणार. तिसऱ्या दिवशी कळलं, मला वीज चालत नाही म्हणून बाईने सगळे दिवे काढून ठेवले होते आणि स्वतःही जिना चाचपडत चढत होती. मी सांगितलं, अहो, आमच्या घरात नसते, दुसऱ्याच्या घरात बटण दाबलं तर कुणी नरकात जात नाही. त्यांनी कपाळावर हात मारला.

जेवण चांगलं होतं. कॅथलिक बाईच्या मानाने चांगलंच. त्यांचा नाताळाआधीचा उपास चालू होता, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. स्वतः बीटचं लाल पाणी प्यायच्या आणि माझ्यापुढे तांबूस केलेल्या लोण्यातल्या नूडल्स ठेवायच्या. ही खरी माणुसकी. एवढं त्यांना सांग, म्हणजे माझं काम झालं.

तुझा नवरा रोमन गेल्याचं चार वर्षांपूर्वी कळलं होतं. लिहायचं राहून गेलं.

आईच्या मातीच्या दिवशी जेवताना तुझा कॉफीचा कप कलंडला होता, कसा कोण जाणे. तो टेबलक्लॉथ अजून माझ्याकडे आहे. डाग गेला नाही. सांगायचं म्हणून सांगितलं.

सलोमा


९ जानेवारी २००७

मलिंडा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी! 'प्लेट मिळाली, ओल्हाबाईंना देते. त्या पाई फार छान करतात.'

ओल्हाबाई पाई छान करतात! अगं, मी त्यांना सतरा दिवस स्वयंपाकघरात बघितलंय. शुक्रवारी चर्चमधल्या बायका जमवून बटाट्याचं सारण भरलेली कानवल्यासारखी एक वस्तू करतात, तिच्याही कडा त्यांच्याकडून उलतात. ती बाई पाईची कड मुरडणार? कुणाला शेंड्या लावतेस?

तिसऱ्या दिवशीच मला कळलं होतं. घे, लिहून टाकलं.

सफरचंदाची पाई समोर आली. कडेची मुरड पाहिली आणि हातातली सुरी तशीच राहिली. प्रत्येक ठसा अर्धा, डाव्या बाजूला कललेला. जगात असा ठसा एकाच अंगठ्याचा पडतो, कारण त्या अंगठ्याचं वरचं पेर मक्याच्या यंत्रात गेलं, आणि यंत्राचा दांडा त्या वेळी मी फिरवत होते. तू सात वर्षांची, मी अकराची. तू म्हणत होतीस, थांब, थांब. मला वाटलं, नाटकं करतेय.

ओल्हाबाई समोर उभ्या होत्या. मी विचारलं, "कुणी केली?" त्या म्हणाल्या, "देवाने सफरचंद केलं. बाकीचं मी वाढते. खा." मग मी खाल्ली. त्यांना बरं वाटावं म्हणून खाल्ली असं लिहिणार होते, पण नाही. भूक लागली होती, आणि ती तुझ्या हातची होती, म्हणून खाल्ली. दोन तुकडे खाल्ले.

नियम मला तोंडपाठ आहे. वाळीत टाकलेल्या माणसाबरोबर एका टेबलाला बसायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. वस्तीबाहेरच्या इंग्लिश लोकांकडे खुशाल जेवा, कॅथलिकांकडे जेवा, ज्यांनी आपल्या माणसांना बुडवलं त्यांच्याकडे हात धुऊन बसा. फक्त स्वतःच्या बहिणीच्या हातचं घ्यायचं नाही. म्हणून तू ओल्हाबाईंच्या हाती द्यायचीस आणि मी ओल्हाबाईंच्या हातून घ्यायचे. कुणाचाच नियम मोडत नव्हता. किती हुशार आहोत आपण दोघी!

आणखी एक आहे. ते लिहू की नको, असं आठ दिवस चाललंय.

रोज अकराला मागच्या दाराशी पावलं वाजायची. मी त्या वेळी वरच्या खोलीत बायबल उघडून बसायची आणि एक ओळही वाचायची नाही. एके दिवशी जिन्यावर आले. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. करड्या कोटातली एक बाई फाटक लावत होती. केस उघडे, पांढरे झालेले. फाटक अडकत होतं, तिने गुडघ्याने ढकललं, जसं आपण आपल्या गोठ्याचं ढकलायचो. मी काच वाजवली असती तर तू वळली असतीस. मी पडदा धरून उभी राहिले. तू कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी राहिले.

खाली गेले तर ओल्हाबाई म्हणाल्या, "हाक मारली असतीत तर ती थांबली असती." मी म्हटलं, कोण? त्यांनी माझ्यापुढे सूप ठेवलं आणि स्वतःच्या बीटच्या पाण्याकडे वळल्या. माझ्या खोटेपणाचा त्या बाईने एवढा मान राखला की मला तिचा राग आला.

आणि तो कप. मी विचारते 'कसा कोण जाणे', आणि तू माझी बहीण असून त्यावर एक अक्षर लिहीत नाहीस. ठीक आहे, मीच लिहिते. आईला पुरून आलो तेव्हा बिशप लीवायने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, मलिंडाची बसायची व्यवस्था नियमाप्रमाणे कर. दोन टेबलं जोडलेली होती. मी त्यातलं एक चार बोटं सरकवलं आणि दोन्हींवर एकच टेबलक्लॉथ घातला. वरून एक टेबल दिसावं, खालून दोन असावीत. सगळे असंच करतात, कुणाला लाज वाटू नये म्हणून. मी तसं केलंय हे तुला माहीत नव्हतं. तू आईची आठवण सांगत होतीस, हसत होतीस, आणि कप नेमका त्या फटीवर ठेवलास. कापड खचलं. सगळी कॉफी तुझ्या मांडीवर. पंचवीस माणसं बघत होती. तू वाकून कापड उचललंस, फट बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस.

वर मीच म्हणाले होते, "आईला तूच घालवलंस." पन्नाशीला टेकलेली बाई दुधाच्या ट्रकवाल्या रोमनबरोबर जाते आणि आई वर्षात मरते, तर मी काय म्हणायला हवं होतं? आता वाटतं, गप्प बसायला हवं होतं.

मलिंडा, खोटं कार्ड पाठवू नकोस. एकदा तरी लिही की ते तू केलं होतंस.

सलोमा


१७ एप्रिल २००७

मलिंडा,

तीन महिने उत्तर नाही. नको देऊस. पण हे वाचच, कारण हे तुझ्यासाठी केलंय.

सुरुवात इनॉसने केली. मार्चमध्ये उपासनेनंतरचं जेवण आमच्याकडे होतं. बायकांनी पाई आणल्या होत्या. हा कुबडी टेकून बसला आणि मोठ्याने म्हणाला, "क्लीव्हलंडला सलोमा माझ्यासाठी पाई आणायची. तशी पुन्हा नाही खाल्ली. थेट मलिंडाच्या हातची!" अख्ख्या बाकावर चमचे थांबले. याला काही कळलंच नाही, हा पुढचा तुकडा मागतोय.

सोमवारी अ‍ॅमॉन आला. आपल्या शेंडेफळ मावशीचा अ‍ॅमॉन, आता डीकन आहे, लीवायचा उजवा हात. दाढी पोटापर्यंत आलीय, पण अजून खुर्चीच्या काठावरच बसतो.

"सलोमा, एक विचारायचं होतं."

"विचार."

"क्लीव्हलंडला तुमचं जेवणखाण कोण बघत होतं?"

"ओल्हाबाई देत होत्या."

"देत होत्या ते ठीक. करत कोण होतं?"

"अ‍ॅमॉन, तुझ्या बायकोचं, फॅनीचं, ऑपरेशन झालं तेव्हा तू तिथे किती दिवस होतास?"

"असेन बारा-तेरा."

"पाई कशी होती?"

त्याने हॅट गुडघ्यावर फिरवायला सुरुवात केली. "पाई... पाईसारखी होती."

"कड बघितली होतीस?"

मग म्हणाला, "हे बघ, काही गोष्टी बघायच्या नसतात. मी नाही बघितली. योडरने नाही बघितली. म्हाताऱ्या सुझीचे डोळे तर अधू आहेत, तिने हात फिरवला आणि रडली, पण बोलली नाही. तूही तेच कर ना. मी विचारलं, तू 'ओल्हाबाई' म्हणालीस. झालं. मी लीवायला तसंच सांगतो."

बरा माणूस आहे गं. मला सोडवायलाच आला होता. पण माझं डोकं फिरलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! सात घरांनी तुझ्या हातचं खाल्लं, तोंड पुसलं आणि घरी येऊन तुझं नाव निघालं की खाली मान घातली. आणि त्याच हातांना मी आईच्या दिवशी फट दाखवली.

परवा रविवारी प्रभुभोजनाआधीची सलोख्याची सभा होती. तू विसरली नसशील. सकाळपासून दुपारपर्यंत नियम ऐकायचे, मग डीकन बायकांच्या बाकांवरून एकेकीपाशी येतो आणि हळूच विचारतो, देवाशी, मंडळीशी सलोखा आहे ना? एकीनेही नाही म्हटलं तर पाव मोडत नाहीत. आपल्या आठवणीत कुणी म्हटलेलं नाही.

अ‍ॅमॉन माझ्यापाशी आला. डोळ्यांनी विनवत होता.

मी म्हटलं, "नाही."

"सलोमा..."

"सलोखा नाही."

"कुणाशी नाही?" बिचाऱ्याला विचारावंच लागतं.

"तुझ्याशी नाही, माझ्याशी नाही, आणि त्या पाईशी नाही. जा, सांग."

शेजारी तुझी मैत्रीण वेर्ना बसली होती, तिने माझा हात एवढा आवळला की नखं रुतली. अ‍ॅमॉन पुरुषांच्या बाजूला गेला, लीवायच्या कानाला लागला. लीवायने पुस्तक मिटलं. चाळीस घरांचं प्रभुभोजन माझ्यामुळे थांबलंय, मलिंडा. दुकानात बायका मला बघून दुसऱ्या ओळीत जातात. मला काही वाटत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला बरी झोप लागली.

आता त्यांना तुझं नाव घ्यावंच लागेल. मंडळीसमोर म्हणावं लागेल की होय, त्या बाईने आम्हाला जेवू घातलं. मग बघू, वाळीत कशी ठेवतात.

तुझीच,
सलोमा


११ जून २००७

मलिंडा,

तुझं पत्र आलं. चार पानं! मला वाटलं होतं, आनंदाचं असेल. इनॉसला वाचून दाखवायला बसले आणि दुसऱ्या पानावर थांबले.

'मी नऊ वर्षं त्यांना जेवू घालत होते. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. तेवढ्यावर माझं भागत होतं. तुला तुझं मन मोकळं करायचं होतं, म्हणून तू माझी चूल विझवलीस.' हे तुझे शब्द. मी ते इतक्यांदा वाचलेत की कागदाची घडी फाटलीय.

तुला सगळं कळलंय, तरी माझ्या तोंडून ऐक. लीवायने तुझं नाव घेतलं, होय. म्हणाला, वाळीत असलेल्या एका बाईचं अन्न सात घरांनी जाणूनबुजून खाल्लं, त्यांनी गुडघे टेकून कबुली द्यावी आणि वचन द्यावं. त्या घरात आता कुणी उतरायचं नाही. पहिला अ‍ॅमॉन गेला. एवढा मोठा माणूस, गुडघे वाजलेले मागच्या बाकापर्यंत ऐकू आले. मग योडर नवरा-बायको. म्हाताऱ्या सुझीला दोघांनी धरून टेकवलं. तिला विचारलं, पुन्हा खाणार नाही ना? ती म्हणाली, "मी ब्याऐंशीची आहे, पुन्हा कधी खाणार?" कुणी हसलं नाही.

शेवटी मी. कबुली द्यायला मी तयार होते. खाल्लं, दोन तुकडे खाल्ले, आवडीने खाल्ले, हे ओरडून सांगितलं असतं. पण लीवाय म्हणाला, "आणि वचन दे." मी उभीच राहिले. त्याने मला सहा आठवडे दिले. इतरांची कबुली झाली, माझा निकाल लांबला, आणि प्रभुभोजन मला वगळून झालं. मी घरी बसून वाटाणे सोलले.

मला वाटलं, ते आपला नियम मोडतील. त्यांनी तुझं दारच बंद केलं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. अ‍ॅमॉनच्या आली होती, म्हणून तो बिचारा काठावर बसून विनवत होता.

अ‍ॅमॉनच्या नातीचं मला ठाऊक नव्हतं. तुझ्या पत्रातून कळलं. जन्मतःच हृदयात भोक, क्लीव्हलंडला आणलेली, आणि आईबाप पाच दिवस दवाखान्याच्या खुर्च्यांवर, समोर ओल्हाबाईंची खोली रिकामी. तू टोपली घेऊन गेलीस. लिफ्टपाशी उभी राहिलीस. अ‍ॅमॉनने तुला बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तू लिहितेस, 'तो रडत होता, पण त्याने तोंड माझ्याकडे वळवलं नाही. जेव्हा काही माहीत नसल्याचं सोंग करायचा, तेव्हा तो निदान जेवायचा.'

आणि मग ओल्हाबाई आल्या म्हणे, स्वतः केलेलं बीटचं सूप घेऊन, मीठ विसरलेलं. म्हणाल्या, "माझ्या घरात यायची बंदी आहे ना? माझ्या सूपला पाय आहेत, ते आलं." अ‍ॅमॉन त्यातल्या दोन वाट्या प्यायला. तुझी टोपली तशीच परत गेली.

हे वाचून मी मागच्या ओट्यावर जाऊन बसले. इनॉस विचारत होता, काय झालं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही गेलं, मीच शहाणपणा केला.

मला माफ कर असं लिहायची माझी छाती नाही. मक्याच्या यंत्राच्या वेळीही झाली नव्हती. तेव्हाही तू थांब म्हणत होतीस. या वेळी तर मी तुला विचारलंसुद्धा नाही.

सलोमा


२९ जुलै २००७

मलिंडा,

तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. पण बातमी कळायला हवी, म्हणून लिहितेय.

मला वाळीत टाकलं. आठ जुलैला. मी वचन दिलं नाही. लीवायचा आवाज कापत होता, ते मी त्याच्या नावे जमा धरते. वेर्ना रडली. मी डोळे कोरडे ठेवले आणि बाहेर आल्यावर घोडागाडीच्या चाकाला टेकून ओकले.

घरी आलो. इनॉस स्वयंपाकघरात टेबलापाशी जाऊन उभा. चाळीस वर्षं ज्या टेबलाला जेवलो ते टेबल. म्हणाला, "सलोमा, आता कसं करायचं?" मी म्हटलं, "कसं म्हणजे? नियमाप्रमाणे." मग त्याने कुबडी भिंतीला लावली, भांडी धुवायच्या जागेजवळचं छोटं टेबल ओढत आणलं आणि मोठ्या टेबलाला लावलं. अगदी चिकटवलं. मी म्हटलं, "सरकव." तो हलेना. मी म्हटलं, "इनॉस, तू तरी मंडळीत राहा. नातवंडांनी कुणाकडे यायचं?" तेव्हा त्याने सरकवलं. बोटं लावून मोजलं गं त्याने, चार बोटं. माझ्याकडूनच शिकलाय.

टेबलक्लॉथ मी काढला. आईच्या दिवसाचा, डागाचा. दुसरा दोन्ही टेबलांवर पुरत नाही.

बिछान्याचं विचारू नकोस. चौसष्टाव्या वर्षी मला शिवणाच्या खोलीत झोपवलंय. तो घोरतो, त्यामुळे शिक्षा नक्की कोणाला, ते अजून ठरायचंय. नातवंडं येतात. धाकटी रूथ परवा माझ्या हातून बिस्किट घेणार, तेवढ्यात तिच्या आईने म्हटलं, "आजी, खाली ठेवा, ती उचलेल." मी ओट्यावर ठेवलं. तिने उचललं. एका बिस्किटाचं एवढं! तू हे दहा वर्षं कसं काढलंस?

गेल्या महिन्यात मी पाई केली होती आणि ड्रायव्हरच्या हाती ओल्हाबाईंकडे पाठवली होती. सोबत चिठ्ठी, की तिच्या हातात देऊ नका, घेणार नाही, टेबलावर ठेवा आणि बाहेर जा. प्लेट परत आली, धुतलेली, पुसलेली. तू खाल्लीस की कचऱ्यात घातलीस, धुतलेल्या प्लेटवरून कसं कळणार? मी ओल्हाबाईंना पत्राने विचारलं. त्यांचं उत्तर आलं: 'मी बाहेर होते. तुम्हीच सांगितलं होतं. तिलाच विचारा.' खाली लिहिलं होतं, 'मात्र कड जाड होते तुमची, असं कुणीतरी म्हणत होतं.'

ते वाचून मी हसले आणि मग बराच वेळ रडले. माझी कड जाडच होते. आईसुद्धा म्हणायची.

ओल्हाबाईंना माझ्यातर्फे सांग, की त्यांच्याकडे ती खोली अजून रिकामी असेल, तर दवाखान्यातल्या मुलीने इंग्लिश लोकांना पाठवावं. त्यांना नूडल्स कर. त्यांना तुझी किंमत कळणार नाही, पण पोट भरेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. नियम मी पुन्हा नीट आठवून बघितला, अ‍ॅमॉनला फाटकाशी उभं करून विचारूनही घेतलं. वाळीत टाकलेल्याबरोबर मंडळीतल्या माणसाने जेवायचं नाही. वाळीत टाकलेल्या दोघींनी एकमेकींबरोबर जेवायचं नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. अ‍ॅमॉनने दाढी खाजवली, म्हणाला, "तसं कुणी कधी विचारलंच नाही." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "येणारेय का ती?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "आली तर मला दिसणार नाही. मी माझ्या शेतात असेन."

त्याची नात वाचली, तुला कळलं असेलच.

ड्रायव्हर दर गुरुवारी क्लीव्हलंडहून रिकामा परततो. तुझ्यासाठी थांबेल, मी बोलून ठेवलंय. तू आलीस तर माझ्या हातचं खाऊ नकोस हवं तर, तू कर, मी खाते. पीठ आहे, लोणी आहे, सफरचंदं यायची आहेत, पीच आलेत. माझ्या बाजूच्या छोट्या टेबलाला मी दुसरी खुर्ची लावलीय. इनॉस पलीकडे बसेल, त्याच्या टेबलाला. तुला बघून काहीतरी वेड्यासारखं बोलेल, लक्ष देऊ नकोस.

टेबलक्लॉथ तोच आहे. कप जरा अलीकडे ठेव.

तुझी,
सलोमा